हिरव्या सवतीची तपासणी

११ मार्च

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, एक वही ठेवा. कधी बंद पडली, किती वाजता, हवा कशी होती, त्याआधी काय केलं होतं, सगळं लिहा. अधूनमधून येणारा दोष गॅरेजात कधी सापडत नाही. कागदावर सापडतो." म्हणून ही वही.

मला असलं काम दोनदा सांगावं लागत नाही. एकतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. नमुना, वेळ, निकाल, सही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिथले लोक म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं.

तर नमुना: गाडी. स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. आसनं दोन, वय तेवीस वर्षं, रंग बाटलीचा हिरवा, छप्पर कापडाचं. आत बसायचं म्हणजे आधी जमिनीला लोटांगण घालायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी निषेध नोंदवला.

ह्यांनी जानेवारीत ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं. छत्तीस वर्षांचं चालतं स्कूल. का, तर कंटाळा आला. पाटी उतरवून आणली, जिन्याखाली उभी केली आणि दीड महिना खिडकीशी बसून राहिले. मग गेल्या आठवड्यात अचानक ही घेऊन दारात. विचारणं नाही, सांगणं नाही. मी मुलीला फोनवर सांगितलं, तुझ्या बाबांनी या वयात मला सवत आणली. ती खूप हसली. हे मात्र हसले नाहीत. बोनेटवर हात ठेवून उभे होते.

१५ मार्च

बॅटरी उतरली. सकाळी नऊ. हवा कोरडी. त्याआधी: आदल्या संध्याकाळी हे दुकानात जाऊन आले, गाडी शेडमध्ये लावली, दार लोटलं.

१८ मार्च

बॅटरी उतरली. वरीलप्रमाणे.

२२ मार्च

बॅटरी. आता मिस्त्री स्वतः आला. सगळ्या तारा एकेक करून मोजल्या, अर्धा दिवस घालवला. कुठेच करंट गळत नाही म्हणतो. मग जरा चाचरत त्याने विचारलं, "मास्तर, दिवे चालू राहिले नव्हते ना?" सगळं गाव ह्यांना मास्तर म्हणतं. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पान्यांच्या पेटीत तोंड घालून बसला. "छत्तीस वर्षं लोकांना दिवे बंद करायला शिकवलं मी," हे म्हणाले. मलाही मिस्त्रीचा राग आला. दोष सापडत नाही म्हटल्यावर माणसावर ढकलायचा, ही पद्धत आमच्या प्रयोगशाळेतही होती.

२ एप्रिल

आज वाहन तपासणी केंद्र. निकाल: नापास.

तपासनीस बाई ह्यांचीच विद्यार्थिनी निघाली. या गावात ज्याला म्हणून गाडी येते तो ह्यांच्याच हाताखालून गेलेला असतो. ही उंचीला कमी म्हणून शिकायला येताना घरून उशी घेऊन यायची, तेव्हा ह्यांनी तिचं नावच "उशी" ठेवलं होतं. आता खाकी कपडे, खिशाला पेनं, आणि हाताखाली चार माणसं. तरी ह्यांना बघून तिने पेन लपवलं, जसं काही कॉपी करताना पकडली गेली.

दोष असे: मागचे ब्रेक जळून काळे पडलेले. डाव्या पुढच्या टायरची कड झिजलेली, कशाकशाला घासून. हेडलाइटचा झोत वर गेलेला. हॉर्न अशक्त.

"सर," ती हळूच म्हणाली, "हँडब्रेक ओढलेला ठेवून कुणी चालवलीय का?"

"मी शिकवलंय तुला ते," हे म्हणाले. "आधीच्या मालकाचं पाप असणार."

तसंच असणार. तेवीस वर्षांत किती जणांच्या हातून गेलीय कोण जाणे.

परत येताना स्टेअरिंग डावीकडे ओढतंय म्हणाले, आणि खरंच आम्ही चौकातून नको त्या बाजूला वळलो. पुढे थेट माझ्या जुन्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी जाऊन थांबलो. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

"उतर," हे म्हणाले. "पाचला येतो न्यायला."

मी पोट धरून हसले. असली थट्टा हे पूर्वी करायचे, लग्न नवीन असताना. हे माझ्याकडे बघत राहिले, मग हेही हसले. गाडीमुळे निदान एवढं तरी परत आलं.

९ एप्रिल

हे बल्ब आणायला दहाला गेले ते दोनला परत आले. चालत. शर्ट घामाने भिजलेला, एका पायातला बूट सुटलेला. म्हणाले, पेट्रोल संपलं, काटा खोटं दाखवतो.

मिस्त्री गाडी शोधायला गेला. ती ह्यांच्या जुन्या सरावाच्या मैदानावर, चुन्याच्या रेघांमध्ये नीट उभी होती. किल्ली आतच. पेट्रोल अर्धी टाकी. पहिल्याच झटक्यात चालू झाली म्हणतो.

ही गाडी मिस्त्रीसमोर शहाण्या मुलीसारखी वागते आणि आमच्यासमोर अंगात आल्यासारखी. मिस्त्री गाडी लावून बराच वेळ फाटकाशी घुटमळत राहिला. मी चहा विचारला. नको म्हणाला. "वहिनी, वही लिहिताय ना?" म्हणाला आणि गेला.

नोंद: पेट्रोलचा काटा, संशयित.

२० एप्रिल

आज काही बिघडलं नाही, तरी लिहिते.

मागच्या ब्रेकला नवीन पट्ट्या बसवल्या. मी जमिनीवर फतकल मारून पाने देत होते. दहाचा पाना मागितला की हे हात पुढे करायचे, न बघता, आणि मी तो तळहातावर ठेवायचा. तासभर आम्ही एक शब्दही जास्तीचा बोललो नाही आणि इतकं बरं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

मग छप्पर मागे टाकून टेकडीच्या रस्त्याने वर गेलो. हे गाडी चालवतात तेव्हा गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. वळणावर गाडी स्वतःहून वाकल्यासारखी वाकते. वर पोचल्यावर मी म्हटलं, "सवत असली तरी चालीची चांगली आहे हो."

हे खाली गावाकडे बघत होते. "ते काय आहे गं, तो उंच मनोरा?"

"पाण्याची टाकी," मी म्हटलं. "तिथूनच तर माझे नमुने यायचे."

"हां. टाकी," हे म्हणाले. "टाकी, टाकी." नवा शब्द पाठ करावा तसं.

डोक्यावर ऊन फार होतं. या गाडीला छप्पर असून नसल्यासारखं.

२८ एप्रिल

मुलीचा फोन. म्हणाली, "आई, बाबांनी आज मला तीन वेळा सांगितलं की ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. एकाच फोनमध्ये."

मी म्हटलं, "नवं खेळणं मिळालंय, त्याचंच बोलणार."

"आई, बाबा बरे आहेत ना?"

"बाबा ठणठणीत आहेत. गाडी आजारी आहे."

तिला राग आला बहुतेक. मलाही आला. चारशे मैलांवरून लोकांना फार स्पष्ट दिसतं. फोन ठेवल्यावर मनात एक शंका आली. ती इथे लिहीत नाही. पुरावा नसताना निकाल लिहायचा नसतो.

६ मे

दुसरी तपासणी. पुन्हा नापास!

या वेळी कारणं वाचून हसावं की रडावं. मागच्या नंबरपाटीवरचा दिवा मंद. आरशाला केसाएवढा तडा. वायपरचं रबर कडक. ब्रेकबद्दल नुसतं "पुन्हा तापलेले" एवढंच, तरी म्हणे चालण्यासारखे. माझ्यासमोर एक खटारा ट्रक धूर सोडत पास होऊन गेला आणि आमच्या आरशाला केसाएवढा तडा!

मी त्या उशीला तोंडावर विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" ती लाल झाली. कागदावर शिक्का मारला आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलं, "काकू, एकदा एकट्या फोन करा." खाली नंबर.

मी काही दुधखुळी नाही. एकट्या फोन करा म्हणजे काय ते सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सांगायला नको. ह्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी, आणि ह्यांच्याकडूनच चार पैसे उपटू पाहते. फोन केला नाही. करणारही नाही.

ह्यांना कागद दाखवला नाही. हे गाडीत बसून होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर, घड्याळातल्या दहा आणि दोनवर, शिकवताना सांगायचे तसे.

१३ मे

फार वाईट दिवस.

ह्यांचे पाने सापडेनात. मोठा संच, ह्यांच्या वडिलांचा. सगळी शेड उलटीपालटी केली. इतक्यात मिस्त्री आरसा बसवायला आला. हे त्याच्या अंगावर धावून गेले. "तूच नेलेस. गाडीतले चांगले भागही तूच काढतोस आणि भंगार घालतोस. म्हणून रोज काहीतरी होतं."

वीस वर्षांची ओळख. मुलीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांच्या गाड्या याने सांभाळल्या होत्या. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी काही बोलेन.

आणि मी बोलले. मी म्हटलं, "खरंच, तुम्ही हात लावला की दुसरं काहीतरी बिघडतं. वहीत सगळं लिहिलंय माझ्या."

त्याने आरसा भिंतीशी ठेवला. काचेची बाजू भिंतीकडे करून, नीट. "ठीक आहे वहिनी," म्हणाला. एवढंच.

१४ मे

पाने सापडले. कपड्यांच्या कपाटात, माझ्या हिवाळी शालींखाली.

ह्यांना सांगितलं नाही. मिस्त्रीलाही नाही. मीच कधी ठेवले असतील का, असा दिवसभर विचार करते आहे. मीच ठेवले असावेत. शाली मीच लावते.

१७ मे

आज स्वयंपाकघरात बसून वही पहिल्यापासून वाचली. अकरा नोंदी. मी अशा नोंदींवरून विहिरीत कुठून घाण येते ते सांगायचे. इथे काही लागत नाही.

खरं लिहायचं तर वाचता वाचता मध्येच थांबले. बटाटे चिरायचे होते.

२९ मे

तिसरी तपासणी. काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण पुढे कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.

दुसऱ्या गॅरेजने सगळं करून दिलं होतं. आम्ही साडेदहाला पोचलो. पुढची चाकं ब्रेक मोजायच्या रोलरवर चढवली. हे आत बसलेले, इंजिन चालू. उशी समोर उभी, हातात कागद लावलेली पाटी.

ती म्हणाली, "सर, उजवा इंडिकेटर."

वायपर फिरले.

"उजवा इंडिकेटर, सर."

पुन्हा वायपर. मग हॉर्न. तिचा एक सहकारी हसला, तिने त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला.

"असू दे सर. आता ब्रेक दाबा. हळूहळू."

इंजिन ओरडलं. मी बाजूच्या कठड्याशी उभी होते, मला वाटलं गाडीचं काही तुटलं. "सर, ब्रेक," ती म्हणाली. इंजिन आणखी ओरडलं. ह्यांचा चेहरा मला दिसत होता. ह्यांना ऐकू येत होतं. ह्यांना करायचं होतं. लहान मूल फळ्यासमोर उभं राहून उत्तर आठवतं ना, तसं हे खाली पायांकडे बघत होते. तिथे तीन पेडल आहेत आणि त्यातलं कोणतं काय, ते पायांना विचारत होते.

मग हातापायांनी सवयीने आपलं काम केलं. पाय क्लचवर गेला, पहिला गिअर पडला. गाडी रोलरवरून उडी मारून सरळ पुढे. उशी बाजूला झाली. तिच्या हातातली पाटी चाकाखाली गेली, आणि गाडी समोरच्या लोखंडी कठड्याला धडकून बंद पडली. ती उभी होती ती जागा मी नंतर बघितली. तिथे आता गाडी होती.

  उशीने दार उघडून आत हात घातला आणि किल्ली काढून खिशात टाकली. मग वाकून म्हणाली, "सर, लागलं का?"

ह्यांनी तिला नीट निरखलं. चेहरा मोकळा झाला. "अगं उशी! आज उशी आणली नाहीस? टेस्ट कधी आहे तुझी?"

तिने एक श्वास घेतला. "झाली सर. पास झाले."

"पहिल्याच फटक्यात?"

"पहिल्याच फटक्यात सर."

"मला माहीत होतं," हे म्हणाले. ह्यांचे डोळे भरून आले, आनंदाने.

मी कठडा सोडला नाही. 

ह्यांना बाकावर बसवलं, चहा दिला. मला ती आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं आणि म्हणाली ते असं. डिसेंबरात ह्यांचं लायसन्स नवं करायचं होतं. डॉक्टरी तपासणीत हे पास झाले नाहीत. लायसन्स मिळालं नाही. ह्यांनी तिथल्या साहेबाचे हात धरून सांगितलं, घरी कळवू नका, मी स्वतः सांगतो.

"मला एप्रिलमध्ये कळलं," ती म्हणाली. "म्हणून मेमध्ये मी गाडी नापास केली. गाडी पास होती काकू. आरशाला तडा म्हणजे काही दोष नव्हे. म्हटलं, नापास आहे तोवर तरी सर रस्त्यावर येणार नाहीत. तुम्हाला नंबर लिहून दिला. तुमचा फोन आला नाही."

 मी तिच्याबद्दल काय समजले होते ते तिला सांगितलं नाही. ते इथेच राहू दे.

"मी कळवायला हवं होतं वर," ती म्हणाली. "नियम तोच आहे. सर होते म्हणून हात धजावला नाही. आज माझ्याजागी दुसरा कुणी उभा असता तर?" आणि मग ती रडायला लागली, खाकी कपड्यांत, पेनं लावून.

नंतर तिने स्वतः गाडीत बसून उरलेली तपासणी केली. ब्रेक, दिवे, धूर, सगळं. पुढच्या बंपरला ओरखडा, बाकी काही नाही. निकाल: पास. एक वर्षासाठी. तिचा सहकारी आम्हाला त्याच गाडीतून एकेक करून घरी सोडून गेला. आधी ह्यांना, मग मला. दोनच आसनं.

३ जून

डॉक्टर. डिसेंबरची फाइल त्यांच्याकडे होतीच. जाड होती. ह्यांनी तिथे तीन वेळा जाऊन तपासण्या केल्या होत्या, एकट्याने. मला सांगायचे, आरटीओत काम आहे.

डॉक्टर म्हणाले, "काय काय झालं, कधीपासून, काही लिहून ठेवलंय का?"

मी पिशवीतून ही वही काढून दिली. त्यांनी चारपाच पानं वाचली. "ही तर गाडीची आहे."

"हो," मी म्हटलं.

ते पुढे वाचत राहिले. मधूनमधून पेन्सिलीने समासात खुणा करत होते. बॅटरीपाशी. टाकीपाशी. पान्यांपाशी. एकतीस वर्षांत माझा एकही अहवाल चुकला नव्हता.

औषधाने सगळं थोडं सावकाश होईल, उलटं फिरणार नाही, असं ते म्हणाले. मी विचारलं, किती सावकाश? त्यांनी फाइल बंद केली.

५ जून

मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. पाने शालींखाली सापडले, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे वहिनी. मला एप्रिलमध्येच वाटलं होतं. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक सांगू का? घेताना मला बरोबर नेलं होतं मास्तरांनी. मी म्हटलं, ही घेऊ नका, हिचा भरवसा नाही, रोज काही ना काही काढेल. शेजारीच दुसरी उभी होती, साधी, भक्कम. मास्तर म्हणाले, नको, मला अशीच हवी. रोज काहीतरी काढणारी."

"का?" मी विचारलं.

"तेव्हा कळलं नाही."

चालत घरी आले. गाडीला तीन महिने मी काय काय बोलले ते सगळं आठवत होतं.

८ जून

आज सकाळी हे अगदी पूर्वीसारखे होते. दाढी स्वतः केली, वर्तमानपत्र वाचलं, मंत्र्याला शिवी दिली. मला माहीत होतं, असं फार वेळ राहत नाही, म्हणून विचारून टाकलं.

"मला का नाही सांगितलंत?"

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. एकदा, मग आणखी एकदा, अगदी लहान होईपर्यंत. "तुला गाडीचा राग यायचा," म्हणाले. "तेवढे दिवस तरी माझी कीव येत नव्हती."

मी उठून ओट्याशी गेले. काही उकळत नव्हतं, तरी भांड्याकडे बघत उभी राहिले. मला ओरडायचं होतं. ह्यांच्या हातून कुणी मेलं असतं तर? त्या पोरीला तर जवळजवळ... वळले तेव्हा हे घडी केलेला कागद टेबलावर सपाट करत होते.

"हा कागद कसला?" ह्यांनी विचारलं.

१९ जून

मिस्त्रीने बॅटरीची तार काढून ठेवली आहे. गाडी विकायची म्हटलं तर हे अंगावर येतात, म्हणून शेडमध्येच आहे. मुलगी येऊन गेली, पुन्हा येईल. आम्ही दोघींनी फाटकाला कडी बसवून घेतली.

दुपारी चहा घेऊन गेले तर हे गाडीत बसले होते, पण चालवायच्या जागेवर नाही. शेजारच्या. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केस विंचरलेले.

"या," हे म्हणाले. "आज पहिला दिवस ना तुमचा? घाबरू नका. बसा."

मी कप बोनेटवर ठेवला आणि चालवायच्या जागी बसले. अडतीस वर्षांच्या संसारात त्या बाजूला मी कधी बसले नव्हते. गावाला शिकवलं, मला शिकवायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

"नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. लग्नानंतरचं नाही, माहेरचं. का ते मलाच कळलं नाही.

"छान आहे नाव," हे म्हणाले.

मग ह्यांनी मला शिकवलं. आरसा आधी, मग आसन, मग हात. पाय कुठे ठेवायचा, टाच कशी टेकवायची. क्लच म्हणजे काय ते इतकं सोपं करून सांगितलं की मला खरंच कळलं. एकदा माझा गिअर चुकला तेव्हा हे म्हणाले, "चुकलं तरी हरकत नाही. सगळ्यांचं चुकतं. श्वास घ्या, पुन्हा करू." घरात एवढ्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधीच बोलले नव्हते. छत्तीस वर्षं हा आवाज रोज सकाळी दाराबाहेर जात होता आणि बाहेरच संपून येत होता.

पाऊण तासाने हे म्हणाले, "आजच्यापुरतं पुरे. बरं शिकाल तुम्ही. न्यायला कोण येणार आहे?"

 मी म्हटलं, "मिस्टर येतील."

"सांगितलंय ना त्यांना किती वाजता ते?"

"सांगितलंय."

"मग ते येईपर्यंत मी थांबतो," हे म्हणाले. "शिकाऊ बाईला एकटीला सोडून मी कधी जात नाही."

आम्ही बसलो. चहावर साय धरली. शेडच्या दारातून ऊन आधी बोनेटवर होतं, मग जमिनीवर, मग फाटकापर्यंत मागे गेलं. ह्यांनी दोनदा मनगटावरच्या घड्याळात बघितलं, एकदा मान लांब करून रस्त्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर ह्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण हे जरा माझ्याकडे कलले.

"येतील हो," हे म्हणाले. "काळजी करू नका. येतील."